आधी मोहरी सांभाळा, मग सिसिलियन

प्रश्न : माझं वय ४७, कराडला हार्डवेअरचं दुकान आहे. रात्री जेवण झालं की मोबाइलवर बुद्धिबळाचे तीन-तीन मिनिटांचे पाच-सहा डाव खेळतो. वर्षभर व्हिडिओ बघून सिसिलियन या काळ्याच्या ओपनिंगच्या (डाव सुरू करायच्या पद्धतीच्या) बारा चाली पाठ केल्या, तरी रेटिंग ११००च्या आसपास घुटमळतंय. नववीतला पुतण्याही मला हरवतो. आता कोणतं ओपनिंग शिकू? की या वयात काही होत नाही?

उत्तर : पत्र वाचून मी तुमच्याकडून हरलेले दहा डाव मागवले होते. तुम्ही ते न लाजता पाठवलेत, निम्मं काम तिथेच झालं. रविवारी दुपारी पट काढला आणि एकेक डाव मांडून बघितला. काळ्याकडून खेळताना तुम्ही पाच डावांत सिसिलियन लावलंय. पाचही वेळा समोरच्याने तिसऱ्या-चौथ्या चालीला भलतंच काही खेळलं आणि तुमचं पाठांतर तिथेच संपलं. त्यात त्याची चूक नाही, तुमचे व्हिडिओ त्याने बघितलेले नाहीत.

दहापैकी सात डाव तुम्ही ओपनिंगमुळे हरलेला नाहीत. कुठे उंट फुकट गेलाय, कुठे घोडा, आणि एकदा तर चक्क वजीर. सहावा डाव पुन्हा मांडून बघा. तुम्ही पांढरे, राजा जी१वर (पटाच्या उभ्या पटी ए ते एच, आडव्या १ ते ८), पुढे एफ२, जी२, एच२ ही तिन्ही प्यादी जागची हललेली नाहीत. पहिल्या पटीत राखणीला एकच हत्ती, ए१वर. त्या उभ्या पटीत वर ए७ला काळ्याचं बेवारशी प्यादं दिसलं आणि तुमचा हात शिवशिवला. हत्तीने प्यादं खाल्लं, काळ्याचा हत्ती डी८वरून सरळ डी१ला उतरला, मात. एच प्यादं एक घर आधीच सरकवलेलं असतं, तर राजाला निघायला खिडकी होती. काळ्याचा तो हत्ती मोकळ्या पटीत येऊन चार चाली झाल्या होत्या. तो तिथे कशाला बसलाय, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

विचारायचं ते एवढंच. समोरच्याची चाल झाली की आधी स्वतःची चाल शोधू नका. हा इथे का आला? आणि इथे येताना मागे काय उघडं टाकलं? हे झाल्यावर तुमची चाल ठरवा, आणि बोट लावण्याआधी त्याला आता कुठला शह देता येतो, काय मारता येतं, ते बघा. पहिले पंधरा दिवस हे फार कंटाळवाणं वाटेल. तीन मिनिटांच्या डावात तर याला वेळच नाही, म्हणून तो खेळ महिनाभर बंद. (सिगारेट सोडण्यापेक्षा सोपं असेल, असं मी म्हणणार नाही.) त्याऐवजी रोज एकच डाव, दोघांना अर्धा-अर्धा तास. शक्यतो खऱ्या पटावर, पुतण्याबरोबर, आणि हात लावला की ती सोंगटी खेळायचीच. चाली वहीत लिहा. हरलात तर आधी स्वतः शोधा की घसरलात कुठे, इंजिनला, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणकाला, नंतर विचारा. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर ते फुकट मिळतं, कोडीही फुकट. रोज दहा कोडी सोडवा, पण उत्तर पूर्ण दिसल्याशिवाय चाल करू नका.

ओपनिंग हवंच असेल तर पांढऱ्याकडून राजापुढचं प्यादं ई४, मग घोडा एफ३, उंट सी४ आणि किल्लेकोट (राजा-हत्तीची एकत्र चाल). काळ्याकडून ई४ला ई५. वर्षभराला एवढं पुरतं.

शिकायचं असेल तर शेवट शिका. १९८८ साली एका जिल्हा स्पर्धेत माझं एक प्यादं जास्त होतं. पटावर दोन राजे आणि ते प्यादं, बाकी मैदान साफ. माझा राजा ई५, प्यादं ई४, समोर माझ्या प्रतिस्पर्धिणीचा राजा ई७, आणि चाल माझी. राजे असे समोरासमोर, मध्ये एकच घर रिकामं असलं, की ज्याची चाल त्याला वाट सोडावी लागते. मी सोडली. तिने माझा राजा जाईल तिथे आपला राजा समोर आणून उभा केला. शेवटी माझं प्यादं ई७वर, राजा ई६वर आणि तिचा राजा ई८च्या कोनाड्यात. शह नाही आणि चालायला घरही नाही, डाव बरोबरीत. दोन चाली आधी तेच प्यादं ई३वर होतं. मी उतावळेपणाने पुढे ढकललं. ते मागे ठेवलं असतं, तर ऐन वेळी ई४ खेळून वाट सोडायची पाळी तिच्यावर आली असती. बक्षिसाचा स्टीलचा डबा तिच्या घरी गेला.

आज रात्री हीच मांडणी पुतण्यासमोर ठेवा. प्यादं एकदा ई३वर, एकदा ई४वर, दर वेळी चाल पांढऱ्याची. बाजू बदलून दहा-दहा वेळा खेळा. वयाचं म्हणाल, तर मी पोस्टातून निवृत्त झाल्यावर हत्तीचे शेवट पहिल्यांदा धड शिकले. सत्तेचाळिसाव्या वर्षी पाठांतर नववीतल्या पोरासारखं होत नाही, हे खरं. म्हणूनच ज्यात पाठांतर लागतं ते त्याला करू द्या.

प्रश्न : सासरे ७४ वर्षांचे आहेत. प्याद्याने पहिल्या चालीला दोन घरं जाणं त्यांना ‘फसवणूक’ वाटतं. नातीशी रोज भांडण होतं. बरोबर कोण? – डोंबिवली

उत्तर : दोघंही. नात आजच्या नियमांनी, सासरे जुन्या देशी नियमांनी. देशी पद्धतीत प्यादं पहिल्यापासून एकच घर चालायचं आणि राजाला एकदा घोड्यासारखी उडी मिळायची. प्यादं दोन घरं उडतच नाही, तर त्याला जाता-जाता मारायचा नियमही लागत नाही. पंजाबातले मीर सुलतान खान याच देशी खेळात तयार झाले होते. विलायतेत जाऊन त्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली, आणि ओपनिंग ही त्यांची कच्चीच बाजू मानली जायची. (कराडकरांनी हेही वाचावं.) एक दिवस सासऱ्यांच्या नियमांनी, एक दिवस नातीच्या. फक्त कुठले नियम, ते पहिल्या चालीआधी ठरवा. आमच्याकडे आजोबा ते सातव्या चालीला ठरवत.