संदेश ‘सगळा किंवा मुळीच नाही’ असा असतो, मग लागोपाठ दुसऱ्या शॉकला स्नायूचा झटका उंच का येतो?

सांगलीत फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला बेडकाच्या पोटरीच्या स्नायूचे आलेख काढताना पडलेला हा प्रश्न. सोबत तुम्ही असंही विचारलंय, की सायनॅप्सवर, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यावर, होते ती बेरीज हीच का?

हीच नव्हे. आधी स्नायूचं बघू. तंतूवरचं अ‍ॅक्शन पोटेन्शियल, म्हणजे तो विजेचा संदेश, काही मिलिसेकंदांत आटोपतं, त्याची बेरीज होतच नाही. झटका मात्र सुमारे 100 मिलिसेकंद चालतो: 10 सुप्तकाळ, 40 आकुंचन, 50 सैल पडणं. म्हणजे तंतूचा पडदा केव्हाच पुढच्या शॉकला तयार असतो, पण आत आकुंचन घडवणारं कॅल्शियम परत ओढून घेण्याचं काम अजून चालू असतं. एकट्या झटक्यात कंडरा आणि इतर लवचिक भाग पुरते ताणले जाण्याआधीच कॅल्शियम ओसरतं. निम्मा जोर तिथेच जिरतो म्हणा ना. ते सैल व्हायच्या आत दुसरा शॉक आला, की त्याचा जोर थेट आलेख काढणाऱ्या तरफेपर्यंत पोचतो. शॉक आणखी जवळ आणा, रेघ आधी दातेरी आणि मग सपाट होते. तेव्हाचा ताण एकट्या झटक्याच्या तीन-चार पट असू शकतो.

प्रॅक्टिकलला घोळ होतो तो व्होल्टेजमध्ये. शॉक कमी ताकदीचा असेल तर काहीच तंतू उडतात, आणि मधेच नॉब फिरला तर उंची जास्त तंतूंमुळे वाढली की वारंवारतेमुळे, हे सांगता येत नाही. म्हणून आधी उंची वाढायची थांबेपर्यंत व्होल्टेज चढवा, त्याच्या थोडं वर ठेवा आणि मग नॉबला हात लावू नका. रिंगर द्रावण (स्नायू ओला आणि जिवंत ठेवणारं क्षारांचं पाणी) अधूनमधून टाकत राहा. स्नायू सुकला किंवा थकला की सैल पडायला वेळ लावतो आणि कमी वारंवारतेलाच रेघ सपाट दिसते.

सायनॅप्सवर बेरीज व्होल्टेजची होते. एका संदेशाने चेतापेशीत जेमतेम अर्धा-एक मिलिव्होल्ट चढतो आणि साधारण 15 मिलिसेकंदांत विरतो. थ्रेशोल्ड, म्हणजे पेशी उडायची पातळी, गाठायला 10 ते 20 मिलिव्होल्ट लागतात. गळक्या बादलीसारखं आहे: एकाच नळाने भराभर ओता, नाहीतर बरेच नळ एकदम सोडा. शिवाय रोधक सायनॅप्स त्यातून वजाबाकी करतात, स्नायूत तशी सोय नाही.

मार्केट यार्डात हळदीचं पोतं उचलणाऱ्या हमालाच्या शरीरात दोन्ही बेरजा चालतात. मज्जारज्जूतली प्रत्येक चेतापेशी उडायचं की नाही ते ठरवते सायनॅप्सच्या हिशोबाने. आधी लहान मोटर युनिट (एक चेतापेशी आणि तिचे स्नायुतंतू) लागतात, मग मोठी. एकेक युनिट सेकंदाला 8 ते 30 संदेशांवर चालतं, त्यातली बरीचशी एकटी घेतली तर थरथरतीलच. पण ती आळीपाळीने उडतात, म्हणून हात स्थिर राहतो.

स्नायूला शॉक देणाऱ्या स्टिम्युलेटर यंत्राला ही आळीपाळी जमत नाही. मांडीवर तीव्रता तीच ठेवून वारंवारता 5 वरून 40 हर्ट्झवर न्या: सुटे झटके, मग थरथर, मग घट्ट आकुंचन दिसेल. तेच तंतू एकदम राबतात, म्हणून थकतात लवकर. सुरुवातीला 10 सेकंद चालू, 50 सेकंद बंद ठेवा. पेसमेकर असलेल्यावर हा प्रयोग नको.