झिल्ली नको, पुडी म्हणा

प्रश्न आलाय: "इवल्याशा कपॅसिटिव्ह दाब-संवेदकातल्या पातळ आवरणाच्या द्रव्यांचं गणिती प्रारूप मांडतोय. मराठीत 'सिलिकॉनची झिल्ली' लिहू की 'पटल'?"

झिल्ली मुळीच नको. हिंदीतून उचललेला हा शब्द हल्ली जिथेतिथे वाचावा लागतो आणि दर वेळी डोकं उठतं. संस्कृतात झिल्ली म्हणजे रातकिडा. जाता जाता, 'हवेचा दबाव'ही नको. दबाव माणसावर येतो, हवेचा असतो तो दाब.

पटल, पडदा सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडून देतो. मला हवा तो शब्द तबलावादकांच्या तोंडी रोज असतो: पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावर ताणून बसवलेलं आवरण. मूळ संस्कृत 'पुट'. पुट म्हणजे दुमड, आणि त्या दुमडीत तयार होणारी पोकळीही. पत्रपुट म्हणजे द्रोण, अंजलिपुट म्हणजे ओंजळ, संपुट म्हणजे झाकणाची डबी. औषधाची पुडीही याच घरातली. आवरण आणि पोकळी एकाच शब्दात! आता संवेदक बघा. खाली स्थिर इलेक्ट्रोड, वर पातळ आवरण, मध्ये काही मायक्रोमीटरची बंद फट. दाब वाढला की आवरण आत वाकतं, फट अरुंद होते, धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढते. मोजणी होते ती फटीमुळे, आणि 'पटल' म्हणताच नेमकी ती फट शब्दातून गळते.

पटलवाले म्हणतात, पुडी म्हटली की ती चामड्याचीच. साफ चूक. 'पुट'मध्ये चामडं कुठेच नाही. उलट पटलामुळे दुसरा घोटाळा होतो, तो ताणाचा. जाडसर पातं वाकायला जो विरोध करतं तो जाडीच्या घनावर ठरतो. जाडी निम्मी केली की विरोध आठव्या हिश्शावर येतो. अगदी पातळ पापुद्रा मात्र मुख्यतः ताणाच्या जोरावर तग धरतो. सिलिकॉन नायट्राइडचा थर सुमारे ८०० अंश सेल्सिअसला बसवतात, तेव्हा त्यात १ गिगापास्कलच्या आसपास ताण उरू शकतो. तो विसरून नुसता यंग गुणांक, म्हणजे द्रव्याच्या ताठपणाचं माप, भरला, तर गणितातलं आवरण खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त वाकतं. पटल ऐकून ताण कुणाला आठवतो? पुडी म्हटलं की ओढलेल्या चामडी वाद्या आणि त्यांखालच्या लाकडी गठ्ठ्यांवर पडणारी हातोडी लगेच डोळ्यांपुढे येते.

आणि शाई, पुडीच्या मधोमधचा तो काळा गोल थर! मृदंग-तबल्याचे उपस्वर सुरात जुळतात ते पुडीवरच्या या मधल्या भारामुळे, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये मांडलं. संवेदकातही कधी कधी आवरणाचा मध्य मुद्दाम जाड ठेवतात. मग मध्य सपाट राहतो, वाकते ती फक्त कड, आणि दाब व धारिता यांचं नातं सरळ रेषेच्या जवळ येतं. त्या उंचवट्याला मी शाईच म्हणेन.

तेव्हा बेलाशक 'सिलिकॉनची पुडी' लिहा. फक्त स्फटिकाची दिशाही सोबत द्या, कारण सिलिकॉनचा यंग गुणांक दिशेप्रमाणे १३० पासून १८८ गिगापास्कलपर्यंत बदलतो.