फोटोवरून हाताने रंगवल्यासारखं चित्र करणारा प्रोग्राम कसा लिहायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: पायथन येतं, ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीतला ऑइल पेंटिंगचा इफेक्ट (फिल्टर) लावून पाहिला, पण चित्र नुसतं गुळगुळीत होतं, रंगवलेलं वाटत नाही. मग खरं कसं करायचं, आणि तेच व्हिडिओला लावता येईल का? मी असे प्रोग्राम हौसेने लिहितो आणि जलरंगात हातानेही रंगवतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फिल्टरमध्ये ब्रश नावाची गोष्टच नसते. ऑइलवाला फिल्टर प्रत्येक पिक्सेलच्या आसपासचे पिक्सेल बघतो, उजेडाप्रमाणे त्यांचे गट पाडतो आणि सगळ्यात मोठ्या गटाचा सरासरी रंग मधल्या पिक्सेलला देऊन पुढे जातो. कुवाहारा फिल्टरचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तो 1976 सालचा, हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमा स्वच्छ करण्यासाठी निघालेला. तो आसपासच्या भागाचे चार तुकडे करतो आणि ज्यात रंगाचा चढउतार सगळ्यात कमी, त्याची सरासरी घेतो. कडा शाबूत राहतात, बाकी सगळं सपाट होतं. दोन्हींत आभाळाला आणि डोळ्याच्या बाहुलीला माप एकच. रंगवणारा माणूस आभाळ चार फटकाऱ्यांत उरकतो आणि डोळ्यापाशी थांबतो. कुठे थांबायचं हे ठरवणं म्हणजेच रंगवणं, आणि तुमच्या प्रोग्रामला नेमकं तेच शिकवायचं आहे.

1990 मध्ये पॉल हेबर्लीने चित्राकडे फटकाऱ्यांची क्रमवार यादी म्हणून बघितलं. प्रत्येक फटकाऱ्याला जागा, रंग, आकार आणि दिशा. त्याच्या प्रोग्राममध्ये माणूस माउस फिरवायचा आणि रंग खालच्या फोटोतून उचलला जायचा. 1998 मध्ये एरन हर्ट्झमनने माउसवरचा हातही काढून घेतला. त्याची पद्धत तुम्हाला दोन-तीन संध्याकाळी बसून लिहिता येईल, आणि सुरुवात तिथूनच करा असं मी आग्रहाने सांगेन.

वाईच्या घाटाचा फोटो घ्या: मागे ढोल्या गणपतीचं देऊळ, पुढे पायऱ्या, खाली कृष्णेचं पाणी. आधी सगळ्यात जाड ब्रश, समजा 16 पिक्सेल त्रिज्येचा. फोटो त्याच मानाने धूसर करायचा, म्हणजे जाड ब्रशला न झेपणारे बारकावे त्याला दिसतच नाहीत. कोऱ्या कॅनव्हासवर पाणी, आभाळ, देवळाचा आकार असे ढोबळ पट्टे येतात. मग 8 चा ब्रश. आता कमी धूसर केलेला फोटो आणि आत्तापर्यंतचं चित्र यांची तुलना करायची. कॅनव्हासचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकात रंगाची सरासरी चूक मोजायची, आणि ती ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली तरच, जिथे चूक सर्वांत जास्त आहे त्या बिंदूपासून फटकारा काढायचा. नाहीतर तो चौकोन तसाच सोडायचा. 4 च्या ब्रशची पाळी येते तेव्हा आभाळाला कोणी हातही लावत नाही. बारीक फटकारे पायऱ्यांच्या कडांवर आणि घाटावरच्या माणसांवर गोळा होतात. मर्यादा 50 पासून 200 पर्यंत बदलून बघा. मी ती मुद्दाम चढी ठेवतो, कारण खाली आणली की चित्र पुन्हा फोटोच्या वळणावर जातं.

फटकारा वळवायचा कसा? उजेड ज्या दिशेने सगळ्यात झपाट्याने बदलतो तिच्याशी काटकोन करून पुढे सरकायचं. मग पायऱ्यांवर फटकारे आडवे पडतात आणि शिखरावर त्याच्या गोलाईबरोबर वळतात. फटकाऱ्याचा रंग सुरुवातीच्या बिंदूचा, शेवटपर्यंत तोच. पुढच्या बिंदूवर फोटोतला रंग फटकाऱ्यापेक्षा आधीच्या चित्राच्या जास्त जवळ असेल तर तिथे हात उचलायचा. सपाट आभाळात मात्र उजेड बदलतच नाही, त्यामुळे दिशा वाटेल तशी येते. पीटर लिट्विनोविझने 1997 मध्ये यावर चांगला तोडगा काढला होता: जिथे दिशा ठळक आहे तिथली घ्यायची आणि मधल्या रिकाम्या जागेत ती अलगद पसरवायची. आणखी एक, फटकारे वरून खाली ओळीने मारू नका, त्यांचा क्रम पिसून घ्या. नाहीतर चित्र कौलारू छपरासारखं दिसतं.

रंगांच्या मिश्रणाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि मला ते फार खटकतं. निळा 0, 0, 255 आणि पिवळा 255, 255, 0 यांची सरासरी काढा: 128, 128, 128, म्हणजे शुद्ध राखाडी! पॅलेटवर हेच दोन रंग मिसळले तर हिरवा मिळतो, कारण रंगद्रव्य काही प्रकाश शोषतं आणि काही विखुरतं. याचं गणित कुबेल्का आणि मुंक यांनी 1931 मध्येच मांडलं होतं, आणि 1997 साली संगणकावर जलरंगाचं जे अनुकरण झालं त्यात तेच वापरलं. त्यात पातळ पाण्याचा प्रवाह, कागदावर बसणारं रंगद्रव्य आणि कागदाने शोषलेलं पाणी असे तीन थर वेगवेगळे हिशेबात घेतले आहेत. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट थर, सुकताना कडेला जी गडद रेघ उमटते, ती त्यात दिसते. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी हरखून गेलो होतो.

न्यूरल नेटवर्कने शैली उचलायची पद्धत (गॅटिस, एकर आणि बेथगे, 2015) तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. पोत ती सुरेख पकडते, पण फटकारा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला याची तिला कल्पना नसते. तुम्हाला ब्रश हवा आहे, तेव्हा आधी हर्ट्झमनची पद्धत करा.

व्हिडिओला लावता येतं, पण प्रत्येक फ्रेम नव्याने रंगवू नका, सगळं चित्र लुकलुकत राहतं. लिट्विनोविझ आधीच्या फ्रेममधले फटकारे हालचालीच्या दिशेने सरकवतो, विरळ झालेल्या जागी नवे घालतो आणि गर्दी झाली तिथले काढून टाकतो. ओपनसीव्हीत फार्नबॅकचं ऑप्टिकल फ्लो, म्हणजे दोन फ्रेममध्ये कोणता पिक्सेल कुठे सरकला हे काढणारं गणित, तयार मिळतं, तेवढ्यावर काम भागतं. कॅमेरा स्थिर असलेली, पाच सेकंदांची क्लिप घेऊन सुरुवात करा.