जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकाला ऑनलाइन प्रशिक्षणातून खरोखर काही शिकता येते का?

येते, मात्र प्रमाणपत्रासाठी शिकायचे की वर्गासाठी, हे आधी ठरवावे लागते. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले आणि २०२० पासून ‘निष्ठा’ हे शिक्षकांचे प्रशिक्षणही त्यावर होऊ लागले. तेथे व्हिडिओ पुढे ढकलून चाचणी उरकणारे (मीही ते केले आहे) कमी नाहीत. मला अधिक उपयोग झाला तो आमच्या केंद्रातील (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील) शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटाचा. हातच्याच्या वजाबाकीत अडलेल्या एका मुलीच्या वहीचे पान, नाव झाकून, मी तेथे टाकले, तेव्हा दशकाचा गठ्ठा तिच्याच हाताने सोडवून दहा सुट्या काड्या मोजू द्या, असे एका बाईंनी सुचवले आणि दुसऱ्याच दिवशी ते वर्गात करून पाहता आले.