विडी सोडली आणि धडधड सुरू झाली

«गोळी घेतली की काळजात धडधडतं, हात कापतात. बंद करू का?» छातीच्या ओपीडीबाहेरच्या माझ्या टेबलाशी हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. गोळी बहुतेक वेळा थिओफिलीनची असते. दम्याच्या आणि सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) माणसांना श्वासनळ्या सैल करण्यासाठी देतात ती. पंपापेक्षा स्वस्त, आणि चारचौघांत पंप तोंडाला लावायला लाजणाऱ्यांची लाडकी.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले एक भाऊ चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, संपता संपता आले, सोबत वहिनी. (ओळख पटू नये म्हणून एकदोन गोष्टी बदलल्या आहेत.) वय 64. खाणीवर ट्रक चालवायचे, 2018 मध्ये खाणी बंद पडल्यावर ट्रक विकला. सीओपीडी सहा वर्षांपासून. थिओफिलीनची 400 मिलिग्रॅमची सावकाश विरघळणारी गोळी रोज रात्री एक, आणि गरजेला पंप. इतकी वर्षं तक्रार नव्हती.

«काळीज धडधडटा, बाय,» ते बसता बसता म्हणाले. मग वहिनींनी सूत्रं हातात घेतली. «रात्रभर झोप नाही ह्यांना. दोन दिवस पेजसुद्धा पोटात ठरत नाही. मी म्हटलं, ही गोळी उष्ण पडते, बंदच करा. तर ह्यांनी काय करावं? अर्धी केली!»

भाऊंनी खिशातून औषधाची पुडी काढली. गोळ्यांचे तुकडे. सुपारीच्या अडकित्त्याने कातरलेले, एकही तुकडा दुसऱ्यासारखा नाही. काहींचा भुगाच झाला होता आणि तो ते पेजेत घालून पीत होते. सावकाश विरघळणारी गोळी अशी घडवलेली असते की औषध तासन्‌तास थोडं थोडं सुटावं. तिचा भुगा केला की ते एकदम अंगावर येतं. मात्रा अर्धी केली असं वाटावं आणि धडधड वाढावी, त्याचं एक कारण त्या पुडीत होतं. काही गोळ्यांवर मध्ये रेघ असते, त्या मोडता येतात. पण कुठली मोडायची ते विचारूनच, आणि चावायची किंवा चुरायची तर कुठलीच नाही.

पण धडधड अडकित्त्याच्या आधीपासून होती. म्हणून मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला: गेल्या महिन्या-दीड महिन्यात काय बदललं?

«काही नाही,» भाऊ म्हणाले.

«विडी सोडली ना!» वहिनी म्हणाल्या.

श्रावण लागला त्या दिवशी सोडली होती. चाळीस वर्षांची विडी. दरवर्षी मासळीबरोबर महिनाभर विडीही सोडायचा प्रयत्न व्हायचा आणि चार दिवसांत फसायचा. या वर्षी टिकला. धडधड त्यानंतर आठ-दहा दिवसांनी सुरू झाली. भाऊंचा निष्कर्ष सरळ होता: विडी मानवत होती, सोडली ती चूक झाली.

इथे मी पेन खाली ठेवून दहा मिनिटं बोलले, कारण हा समज घेऊन माणूस घरी गेला तर दुसऱ्या दिवशी विडी पेटवतो. विडी-सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत थिओफिलीन भराभर मोडून टाकतं. ओढणाऱ्याच्या शरीरातून निम्मं औषध साधारण 4-5 तासांत निघून जातं, न ओढणाऱ्याच्या शरीरातून निघायला 8 तास लागतात. भाऊंना मात्रा ठरली ती विडीवाल्या भाऊंची. धूर बंद झाला, आठवडाभरात यकृताचा वेग उतरला, आणि तीच गोळी जास्त झाली. अशा वेळी डॉक्टर मात्रा पाव ते एक तृतीयांशाने कमी करतात. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. त्यामुळे तंबाखू चघळणाऱ्याला किंवा मिश्री लावणाऱ्याला हा हिशोब लागत नाही. (म्हणून मिश्री चांगली, असं मात्र कुणी माझ्या नावावर सांगू नये.)

पण यानं फार तर धडधड नि कापरं. ओकाऱ्या दोनच दिवसांच्या होत्या, त्यांचं काय? वहिनींनी पिशवी उपडी केली. त्यात फार्मसीची दुसरी पट्टी निघाली, सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची. चवथीच्या जेवणावळींत पोट बिघडलं, गावातल्या दवाखान्यात गेले, जुलाबाच्या गोळ्या मिळाल्या. छातीच्या गोळीबद्दल तिथे कुणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन थिओफिलीनचा निचरा अडवतं. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिनही तेच करतात. उलट क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन ते लवकर संपवतं. थिओफिलीनची गंमत नव्हे, गोम अशी की रक्तातलं उपयोगी प्रमाण आणि त्रासाचं प्रमाण अगदी खेटून असतं. एका मिलिलिटरमागे 20 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की मळमळ, ओकारी, कापरं, आणि आणखी वर गेलं तर हृदयाचे ठोके चुकणं, फिट येणं इथपर्यंत मजल जाते.

मात्रा बदलणं माझं काम नाही. भाऊंना टेबलावरूनच आत नेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त पाठवलं आणि अहवालाची वाट न पाहता त्या रात्रीची गोळी थांबवली, जुलाबाचं औषधही बदललं. भाऊंना एक रात्र वॉर्डात राहावं लागलं. हेच घरी रात्री झालं असतं, ओकाऱ्या थांबत नसत्या किंवा ठोके वेडेवाकडे पडत असते, तर 108 ला फोन करायचा, सकाळच्या ओपीडीची वाट पाहायची नाही. वहिनींना ते मी दोनदा सांगितलं.

चहाचंही त्यांनी विचारलं. भाऊ दिवसाला सात-आठ कप पितात. कॅफीन आणि थिओफिलीन एकाच घराण्यातली. थिओफिलीन 1888 मध्ये पहिल्यांदा वेगळं केलं गेलं तेच चहाच्या पानांतून. दोन-तीन कप चालतील, पण धडधड असताना आठ नकोत. आणि एक विसरलेली गोळी भरून काढायला दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. अचानक दम लागला तरी ही गोळी गिळून उपयोग नसतो, तेव्हा पंपच. पंपाची सवय लागते ही भीती आमच्याकडे फार आहे. त्या भीतीपायी लोक गोळीला चिकटून राहतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

महिन्याने भाऊ परत आले. आता रोजचा पंप सुरू आहे, गोळी कमी मात्रेची, आणि खिशात पुडीऐवजी एक कार्ड: कुठली औषधं चालू आहेत, विडी कधी सोडली. कुठल्याही दवाखान्यात आधी ते दाखवायचं, असं ठरलं आहे. विडी अजून सुटलेलीच. जाता जाता वहिनी पुढे गेल्या तसे ते टेबलाकडे वाकले.

«बाय, समजा परत चालू केली, तर जुनीच गोळी चालेल ना?»

वहिनी दारातून वळल्या. मी कार्डावर पुढची तारीख लिहून दिली.