बी.एस्सी. केमिस्ट्रीतून कर्करोगाच्या औषधी जेलकडे

प्रश्न: मी मिरजेची. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. कर्करोगाच्या गाठीजवळच औषध सोडणाऱ्या हायड्रोजेलवर (पाणी धरून ठेवणाऱ्या जेलवर) प्रकल्प करायचा आहे. बी.फार्म. नसेल तर यात जागा नाही, असं घरचे म्हणतात. खरं आहे का?

उत्तर: अर्धं खरं आहे. औषध कंपनीच्या फॉर्म्युलेशन विभागात, म्हणजे औषधाची गोळी, जेल असं रूप ठरवणाऱ्या विभागात, बी.फार्म., एम.फार्म.वाल्यांनाच बहुधा घेतात. पण जेल घडवणं हे पॉलिमर (लांब साखळीच्या रेणूंच्या) रसायनाचं काम, म्हणजे तुझ्याच विषयाचं. आणि हे फक्त कागदावरचं नाही. थंड असताना पातळ आणि शरीराच्या उष्णतेला घट्ट होणारं, मायटोमायसिन या कर्करोगाच्या औषधाचं जेल मूत्रमार्गाच्या वरच्या भागातल्या, कमी तीव्रतेच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २०२० साली मंजूर झालं.

प्रकल्पात खरं कर्करोगाचं औषध मात्र घेऊ नकोस. उदाहरणार्थ, डॉक्सोरुबिसिन हाताळायला वेगळं कॅबिनेट लागतं आणि त्याचा कचरा बेसिनमध्ये ओतता येत नाही. त्याऐवजी जीवनसत्त्व बी-१२ घे. ते लाल, निरुपद्रवी असतं आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (प्रकाश किती शोषला हे मोजणाऱ्या यंत्रावर) ३६१ नॅनोमीटरला मोजता येतं.

जेलसाठी सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारा पॉलिमर) २ ग्रॅम, पाणी १०० मिली घे. पावडर एकदम ओतलीस तर गुठळ्या होतात, म्हणून ढवळत ढवळत भुरभुरव. बी-१२ मिसळ आणि बुडबुडे जायला द्रावण रात्रभर झाकून अंधारात ठेव, कारण बी-१२ उजेडात खराब होतं. मग ते सिरिंजने ०.१ मोलार कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब सोड (१०० मिलीला डायहायड्रेट १.४७ ग्रॅम). थेंबांचे जेलचे मणी बनतात आणि अर्ध्या तासात घट्ट होतात. या द्रावणातही बी-१२ झिरपतं, तेही मोज. नाहीतर मण्यांत किती भरलं याचा हिशेब चुकतो.

आता बहुतेक प्रकल्प जिथे फसतात ती जागा. बी-१२ किती सुटतं हे पाहायला मणी बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ठेवायचे असतात. त्यासाठी ७.४ पीएचचं फॉस्फेट बफर घेतलं की फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, मणी विरघळतात आणि मुलं लिहितात, 'पीएचला प्रतिसाद मिळाला'. तो प्रतिसाद नव्हे, जेल मोडलेलं असतं. म्हणून फॉस्फेट नसलेल्या ट्रिस बफरमध्येही तोच प्रयोग कर आणि दोन्ही आलेख शेजारी ठेव. शिवाय अल्जिनेट आम्लात आकसतं. गाठीभोवतीचा पीएच साधारण ६.५ ते ६.९ असतो, तिथे फुगायला कायटोसानसारखा अमाइन गट असलेला पॉलिमर हवा. तो पुढचा टप्पा.

मोजणीसाठी ३७ अंशांवरच्या बफरमधून दर अर्ध्या तासाला ५ मिली काढलंस तर तेवढंच कोमट, ताजं बफर घाल. काढलेलं बी-१२ एकूण बेरजेत धरायला विसरलीस तर आलेख मध्येच खाली येतो. प्रत्येक प्रयोग तीनदा कर.

पुढे एम.एस्सी.साठी कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ जवळ आहे. आयआयटीत जायचं असेल तर जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. तिचे अर्ज सप्टेंबरच्या सुमारास निघतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. पीएच.डी.साठी सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिची जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, हा आकडा घरी जरूर सांग. तुझी कच्ची बाजू जीवशास्त्राची राहील, म्हणून एम.एस्सी.त बायोकेमिस्ट्रीचा पेपर निवडता आला तर सोडू नकोस.