डॉक्टर फक्त लक्षणांवर औषध देतात, मूळ कारण का शोधत नाहीत?

दोन वर्षं ॲसिडिटीची रोजची गोळी चालू आहे, बंद केली की जळजळ परत सुरू, मग मुळावर इलाज का होत नाही, असं तुम्ही विचारलंय. आमच्या अण्णांचं सांगतो.

अण्णांना एक जिना चढला तरी दम लागायचा. हिमोग्लोबिन निघालं ७.४, पुरुषाला १३ तरी हवं. लोहाच्या गोळ्यांनी तीन महिन्यांत ११ वर आलं. गोळ्या थांबल्या आणि दिवाळीपर्यंत पुन्हा ८. खजूर झाले, बीट झालं, लोखंडी कढईतल्या भाज्या झाल्या. रक्त जातंय कुठे, हे वर्षभर ना डॉक्टरांनी विचारलं ना आम्ही.

मग डॉक्टर बदलले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "काका, शौचाला काळं होतं का?"

"होतं की. पण ते लोहाच्या गोळीमुळं ना?"

लोहानं शौच काळं होतंच, आणि त्याच्याच आड पोटातला रक्तस्राव लपला होता. गुडघ्यासाठी अण्णा मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी रोज घ्यायचे, तेही तेव्हाच कळलं. दुर्बिणीतून पाहिलं तर जठरात अल्सर, आणि तुकडा तपासल्यावर हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू.

अल्सर म्हणजे ताण आणि तिखट, असंच पूर्वी धरून चालायचे. आम्ल कमी करणाऱ्या औषधानं जखम भरायची, औषध थांबलं की बऱ्याच जणांना परत व्हायची. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी या जंतूवर बोट ठेवलं. १९८४ मध्ये मार्शल तो जंतू स्वतः प्यायले आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं.

अण्णांना १४ दिवस अँटिबायोटिक्स दिली, दुखण्याची गोळी बंद केली. लोह मात्र पुढेही काही महिने लागलंच. कारण सापडेपर्यंत ७.४ वरच्या माणसाला तसंच कसं ठेवणार? माझा राग आहे तो आकडा सुधारला की शोध थांबतो, यावर.

तुमची जळजळ जंतूमुळेच असेल असं नाही. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी, जठराच्या तोंडावर असलेली झडप सैल असेल, तर रोजची गोळी हाच योग्य उपचार असू शकतो. पण जंतूची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. तिच्याआधी साधारण दोन आठवडे ही गोळी थांबवावी लागते, नाहीतर जंतू असूनही तो सापडणार नाही असं होऊ शकतं. ती कशी थांबवायची, तेही त्यांनाच विचारा. शौच काळं होत असेल, वजन उतरत असेल किंवा घास अडकत असेल, तर उद्याच जा.